शहरातली भित्तिचित्रं शोधायची कशी आणि नोंदवायची कशी

रस्त्यात चांगलं चित्र दिसलं की फोटो सगळेच काढतात. वर्षभराने तोच फोटो समोर आला की मात्र ते चित्र कुठल्या गल्लीतलं, कुणी काढलेलं, आज आहे की गेलं, यातलं काहीच सांगता येत नाही. मुंबईसारख्या शहरात ही माहिती फार लवकर हातची जाते. इमारत पुनर्विकासाला जाते, सोसायटी रंगकाम काढते, पावसाळ्यात ओल येऊन गिलावा सुटतो. भिंतीबरोबर चित्रकाराचं नावही जातं. म्हणून भटकायची हौस असेल तर तिला नोंदीची जोड द्या. उदाहरण म्हणून मी वांद्रे पश्चिम घेतलंय, कारण पायी फिरता येईल एवढ्या टापूत तिथे नाना तऱ्हेची चित्रं आहेत. पद्धत मात्र पुण्यात, नाशकात, पणजीत, कुठेही चालेल.

आधी टापू ठरवा

अख्खं शहर एका दमात घेऊ नका. दोन-तीन रस्ते आणि त्यांना फुटणाऱ्या गल्ल्या एवढंच ठरवा, पण एकही बोळ सोडू नका. वांद्र्यात हिल रोडवरून चॅपल रोडला वळा, पुढे व्हेरोनिका स्ट्रीट, रनवार आणि वरोडा रोड करा. रनवार ही वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी, म्हणजे गावठाणातल्या वाड्यांपैकी, एक. मराठीचीच एक बोली बोलणाऱ्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, लोकांची ही वस्ती. लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने, नाक्यावरचे क्रूस. चित्रं याच घरांच्या भिंतींवर आहेत, त्यामुळे चित्र आणि घर दोन्ही एकत्र पाहावं लागतं.

रणजित दहिया यांनी २०१२ साली सुरू केलेल्या बॉलिवूड आर्ट प्रोजेक्टने या भागात जुन्या हिंदी सिनेमाच्या पोस्टरांची आठवण करून देणारी चित्रं रंगवली. दहिया मूळचे हरयाणातल्या सोनीपतकडचे, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या राष्ट्रीय संस्थेत शिकलेले. वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ साली दादासाहेब फाळक्यांचं प्रचंड चित्र झालं, तेही त्यांच्याच हातचं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांना मुंबईत एवढी मोठी भिंत मिळाली, याचा मला फार आनंद आहे.

वांद्रं झालं की पुढचे टापू भरपूर आहेत. सेनापती बापट मार्गावर, म्हणजे जुन्या लोकांच्या तुळशी पाइप रोडवर, रेल्वेची लांबच लांब भिंत २००९ साली हौशी लोकांनी एकत्र येऊन रंगवली होती. चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर एदुआर्दो कोब्रा या ब्राझिलियन चित्रकाराने २०१८ मध्ये गांधीजी रंगवले. पुण्यात कसबा पेठेत हर्षवर्धन कदम यांचं काम शोधा.

घरून निघण्यापूर्वी इन्स्टाग्रामवर त्या रस्त्याचं नाव टाकून जरूर पाहा, पण त्यावर विसंबू नका. तिथे तीच ती चार-सहा चित्रं पुन्हा पुन्हा दिसतात. खरा शोध त्या प्रसिद्ध भिंतीच्या मागच्या गल्लीत असतो.

कोणतं चित्र धरायचं, कोणतं नाही

हे निघण्याआधीच ठरवा, नाहीतर वाटेत घोळ होतो. माझं मत स्पष्ट आहे: हाताने रंगवलेलं आणि रस्त्यावरून दिसणारं प्रत्येक चित्र धरायचं. नामवंत चित्रकाराचं काम तेवढं नोंदवायचं आणि पालिकेच्या शाळेच्या कुंपणावरची वारली नक्षी सोडून द्यायची, हे मला पटत नाही. वस्तीच्या तोंडाशी रंगवलेले बाबासाहेब, तालमीच्या भिंतीवरचा मारुती, मंडळाने काढून घेतलेले शिवाजी महाराज, सलूनच्या शटरवरचा नट, ही सगळी शहराचीच चित्रं आहेत, आणि ती काढणाऱ्या पेंटरांची नावं तर कुठल्याच वर्तमानपत्रात आलेली नसतात. त्यांची नोंद आपण नाही ठेवली तर कोण ठेवणार?

स्वच्छ सर्वेक्षण, म्हणजे शहरांची स्वच्छतेची सरकारी क्रमवारी, २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून गावोगावच्या पालिकांनीही भिंती रंगवून घेतल्या आहेत. त्याही धरा, पण विषयाच्या रकान्यात ‘पालिकेचा संदेश’ असं वेगळं लिहा. ही चित्रं पुन्हा पुन्हा रंगवली जातात, तेव्हा तारखेची नोंद इथे जास्तच महत्त्वाची. फ्लेक्स, छापील स्टिकर आणि नुसत्या घोषणा मी सोडतो.

वेळ साधा

रविवारी सकाळी लवकर निघा. गाड्यांची वर्दळ कमी असते, आणि दुकानं उघडायची असल्यामुळे शटरवरची चित्रं तेव्हाच दिसतात; दहानंतर शटर वर गेलं की चित्र गुंडाळलं जातं. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंती सकाळी, पश्चिमेकडच्या दुपारनंतर, हे नकाशा पाहून आधीच जुळवून ठेवा. मात्र कडक ऊन थेट पडलं की रंग भगभगीत येतात आणि झाडाची सावली चित्राचे तुकडे करते. हलकं ढगाळ आभाळ सगळ्यात उत्तम. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास एक फेरी हवीच. कोणत्या भिंतीने पाऊस सोसला आणि कोणत्या भिंतीला पोपडे आले, ते तेव्हा कळतं.

एका चित्राचे चार फोटो

पहिला फोटो समोरून, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने, पूर्ण चित्राचा. मोबाइल छातीच्या उंचीवर सरळ धरा, पडद्यावरच्या जाळीच्या रेषा चालू ठेवा आणि भिंतीची कड त्या रेषेला जुळवा. अरुंद गल्लीत वाइड लेन्सचा मोह होतो, पण तिच्यात कडा वाकतात. त्यापेक्षा दोन-तीन भागांत फोटो घ्या.

दुसरा फोटो आजूबाजूचा: शेजारचं दुकान, पाटी, विजेचा खांब असं काहीतरी दिसलं पाहिजे. पुढे चित्र पुसलं गेलं तर जागा याच फोटोवरून सापडते. तिसरा फोटो रंगाचा, अगदी जवळून. ब्रशचे फटकारे आहेत की स्प्रे कॅनची धुरकट कड, स्टेन्सिल (कापून केलेला साचा) लावलंय का, खालचा जुना थर डोकावतोय का, हे त्यात दिसतं.

चौथा फोटो सहीचा. हा कधीही चुकवू नका. सही बहुतेक वेळा उजव्या कोपऱ्यात खाली असते, म्हणजे जिथे ओल सगळ्यात आधी चढते आणि जिथे स्कूटर उभ्या असतात तिथेच. खाली बसून बघा. पेंटरांच्या चित्रात ‘अमुक आर्ट्स’ आणि खाली मोबाइल नंबर असतो. नव्या पिढीच्या चित्रकारांचं इन्स्टाग्रामवरचं नाव असतं. रंग उडाला असेल तर तिरक्या उजेडात, मोबाइलचा टॉर्च बाजूने धरून पाहा. ब्रशने उठलेली कड सावली टाकते आणि अक्षरं वाचता येतात.

उंचीचा अंदाजही जागेवरच लिहा. दरवाजा साधारण सात फुटांचा, इमारतीचा एक मजला साधारण दहा फुटांचा, या हिशेबाने काम भागतं.

फोटोत लोकांचे चेहरे आणि घरांची उघडी दारं येऊ देऊ नका. रेल्वे, नौदल, पोलीस यांच्या हद्दीतली भिंत असेल तर आधी विचारा आणि नाही म्हणाले तर मुकाट्याने पुढे जा.

माणसांशी बोला

सही नसलेल्या चित्राचा पत्ता लागतो तो समोरच्या टपरीवर. चहा घ्या आणि सरळ विचारा, “काका, हे चित्र कुणी काढलं हो?” रनवारमध्ये व्हरांड्यात बसलेल्या आंटीला विचारा. भिंत ज्यांच्या घराची, त्यांना तर विचाराच. फोटो काढण्याआधी विचारलं की पुढचं सगळं सोपं होतं.

‘कोणत्या साली?’ या प्रश्नाला नीट उत्तर मिळत नाही. लोकांच्या लक्षात साल राहत नाही, प्रसंग राहतो. त्यामुळे असं विचारा: “लॉकडाऊनच्या आधी की नंतर?” “गणपती होऊन गेले होते का?” “तुमच्या बिल्डिंगचं रंगकाम झालं तेव्हा होतं का हे?” दोन-तीन माणसांची उत्तरं जुळली की काळ बराच आवळता येतो. कुणी म्हणतं, “चार-पाच पोरं होती, परात बांधलेली, रात्रीपर्यंत चालायचं काम.” परात म्हणजे रंगाऱ्यांची बांबूची परांची. असं बोलणं त्याच शब्दांत लिहून घ्या.

नाव मिळालं की चित्रकाराला थेट संदेश पाठवा. बहुतेक जण आनंदाने उत्तर देतात, कारण रंग कोणता वापरला, भिंत कशी तयार केली, हे त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

नोंदवही कशी ठेवायची

मोबाइलवरची साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने हे: क्रमांक, जागा आणि खूण, अक्षांश-रेखांश, विषय, चित्रकार, चित्रकार कसा कळला, रंगवल्याचा काळ, भिंतीचा प्रकार, अंदाजे आकार, पहिल्यांदा पाहिल्याची तारीख, शेवटचं पाहिल्याची तारीख, अवस्था.

यातला ‘कसा कळला’ हा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तिथे ‘भिंतीवर सही’, ‘चित्रकाराने सांगितलं’, ‘शेजाऱ्यांनी सांगितलं’, ‘बातमी’ किंवा ‘शैलीवरून अंदाज’ यांपैकी एक लिहा. अंदाज असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. नाहीतर एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर चढतं आणि पुढे सगळे तेच उतरवून घेतात.

एक नोंद अशी सुरू होईल: वां-वरोडा-०३; वरोडा रोड, वांद्रे पश्चिम; विषय, अभिनेते इरफान खान; चित्रकार, रणजित दहिया, बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट; कसा कळला, बातमी; काळ, २०२०, इरफान यांच्या २९ एप्रिलच्या निधनानंतर. बाकीचे रकाने भिंतीसमोर उभं राहूनच भरायचे.

फोटोंना हाच क्रमांक आणि पुढे तारीख द्या, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे फाइली आपोआप ओळीत लागतात. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असू द्या, पण उंच इमारतींमध्ये आणि बोळांत ते चुकतं, तेव्हा नकाशावरची खूण हाताने नीट जागी सरकवा. अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत लिहा. चौथ्या स्थळातला एक अंक म्हणजे सुमारे ११ मीटर, आणि चॅपल रोडसारख्या अरुंद रस्त्यावर ११ मीटर म्हणजे समोरच्या बाजूचं घर. आणखी एक: फोटो व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवला की त्याला जोडलेली जागेची माहिती निघून जाते. मूळ फाइल जपा आणि दोन ठिकाणी ठेवा.

काळ लागतच नसेल तर गूगलचं स्ट्रीट व्ह्यू पाहा. ते भारतात २०२२ च्या जुलैत आलं आणि सुरुवातीच्या शहरांत मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर होती. त्यातल्या प्रत्येक दृश्यावर महिना आणि वर्ष असतं. तिथे भिंत कोरी दिसली तर चित्र त्यानंतरचं. मग सालाच्या जागी ‘अमुक महिन्यानंतर’ एवढंच लिहायचं. तीही पक्की नोंद आहे.

पुन्हा जा

वर्षातून एकदा तरी तोच टापू पुन्हा फिरा आणि शेवटच्या तारखेचा रकाना भरा. चित्र गेलेलं दिसलं तर नोंद खोडू नका. त्याच जागेवरून आत्ताच्या भिंतीचा फोटो घ्या आणि अवस्थेत ‘रंग मारला’, ‘इमारत पाडली’, ‘वर नवं चित्र’ असं लिहा. नव्या चित्राला नवा क्रमांक द्या आणि जुन्या क्रमांकाचा उल्लेख जोडा. एकाच भिंतीवर कोण कोण येऊन गेलं, हे अशाच नोंदींतून समजतं.

फोटो वापरताना

इथे बरेच जण गाफील असतात. चित्र रस्त्यावर आहे म्हणून ते सगळ्यांचं होत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक जागी कायमच्या असलेल्या शिल्पाचा किंवा इमारतीचा फोटो छापायला सूट आहे, पण रंगवलेल्या चित्राचा त्या सुटीत समावेश नाही. चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. स्वतःच्या अभ्यासासाठी नोंद ठेवायला अडचण नाही. कॅलेंडर, टी-शर्ट, पुस्तक, जाहिरात असं काही करायचं असेल तर चित्रकाराची लेखी परवानगी घ्या. समाजमाध्यमावर टाकतानाही नाव द्याच.

नकाशा सर्वांसाठी खुला करायचा असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर भित्तिचित्राची खूण टाकता येते. तिथे फोटो लागत नाही, फक्त जागा, प्रकार आणि चित्रकाराचं नाव लागतं, त्यामुळे हक्काचा प्रश्न येत नाही. घराच्या आतल्या अंगणातली किंवा खासगी गल्लीतली चित्रं मात्र मालकाला विचारल्याशिवाय नकाशावर टाकू नका. आणि पेंटरचं काम नोंदवलं असेल तर फोटोची एक छापील प्रत त्याला नेऊन द्या. त्याने आजवर कुठे कुठे भिंती रंगवल्या, त्याची यादी बहुधा तिथेच मिळते, आणि पुढचा टापू ठरतो.