जुन्या पिकअपचा एसी: गॅस मारण्याआधी गळती शोधा

एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद पाइपांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी बाहेर गेला आहे. रबरी होजमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, ते वेगळं. पण एका उन्हाळ्यात भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्याला उरत नसेल, तर गळती नक्की आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, ऑइलही जातं. दरवर्षी नुसता गॅस भरत राहिलं की ऑइल घटत जातं आणि शेवटी कॉम्प्रेसर जाम होतो. हा सगळ्यात महाग भाग आहे. म्हणून इथे दिलेला क्रम पाळा. तो जुन्या बोलेरो कॅम्परसारख्या, एसीत 134ए गॅस असलेल्या गाड्यांसाठी आहे.

गेज (गॅसचं प्रेशर दाखवणारे काटे) लावण्याआधी बिनखर्चाच्या गोष्टी बघा. शेतमाल वाहणाऱ्या गाडीचा कंडेन्सर, म्हणजे गॅस गार करणारी पुढची जाळीदार कॉइल, धूळ, भुसकट आणि चिखलाने बुजलेला असतो. समोरची जाळी काढा आणि साध्या नळाच्या पाण्याने इंजिनच्या बाजूने बाहेर धुवा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून मारलं तर पत्र्याच्या पात्या आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो. पुढे वेगळा पंखा असेल तर एसी चालू केल्यावर तो फिरतो का, हवा रेडिएटरकडेच ओढतो का, हे बघा. वायर उलटी जोडलेले पंखे सापडतात.

मग हीटरचा कॉक, म्हणजे हीटरकडे जाणारं गरम पाणी अडवणारी तोटी. केबल सैल झाली की गरम पाणी थोडं थोडं हीटरच्या कॉइलमध्ये जात राहतं आणि गार हवा तिथेच तापते. इंजिन गरम असताना कॉकच्या पुढचा होज कापडात धरून बघा. कॉक बंद असूनही तो चटका देत असेल तर निम्मा दोष तिथेच आहे.

कॉम्प्रेसरचा क्लच (पुलीला कॉम्प्रेसर जोडणारी चुंबकी प्लेट) ‘टक’ आवाज करून ओढत नसेल तर आधी फ्यूज, रिले आणि क्लचच्या कनेक्टरवर 12 व्होल्ट येतात का ते तपासा. क्लचच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण 3 ते 5 ओहम असतो. व्होल्टेज येत नसेल तर प्रेशर स्विच बघा. गॅस फार कमी झाला की तो मुद्दामच सर्किट तोडतो. स्विचला वायर जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवू नका. गॅस नसेल तर ऑइल फिरत नाही. गाडी गार असताना एसी चालतो आणि अर्ध्या तासाने बंद पडतो, अशी तक्रार असेल तर क्लचची प्लेट आणि पुली यांच्यातली फट फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोजा. ती साधारण 0.3 ते 0.6 मिमी हवी. झीज होऊन फट वाढली की तापलेली कॉइल प्लेट ओढू शकत नाही. आतली एखादी पातळ शिम (चकती) काढली की काम होतं. नवा कॉम्प्रेसर घ्यायची गरज नसते.

आता गेज. इंजिन बंद, गाडी गार, तेव्हा दोन्ही काटे सारखेच दिसतात: हवा 30 अंश असेल तर सुमारे 97 पीएसआय, 35 अंशाला 114. एवढं प्रेशर म्हणजे आत थोडा तरी द्रव गॅस आहे. किती आहे ते यावरून कळत नाही. एसी चालू करून, इंजिन 1500 आरपीएमवर धरून, 35 अंशांच्या हवेत लो साइड (कमी दाबाची बाजू) 35 ते 50 आणि हाय साइड (जास्त दाबाची बाजू) 200 ते 250 पीएसआय यायला हवी. दोन्ही कमी: गॅस कमी. दोन्ही जास्त: गॅस जास्त भरलाय, कंडेन्सर बुजलाय किंवा आत हवा शिरली आहे. लो जास्त आणि हाय कमी: कॉम्प्रेसर दाब करत नाही. लो शून्याच्या खाली जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कुलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारं बारीक छिद्र) बुजलाय. काही वेळाने आपोआप सुटून पुन्हा अडकत असेल तर आतलं पाणी व्हॉल्व्हमध्ये गोठतंय.

गळती शोधताना डोळे आधी वापरा. जिथे गॅस गळतो तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. कॉम्प्रेसरच्या पुलीमागे, पाइपांच्या जोडांवर, कंडेन्सरच्या खालच्या कडेला, चार्जिंग व्हॉल्व्हच्या पिनवर बघा. टोपण हरवलेल्या व्हॉल्व्हची पिन ही फार स्वस्त आणि फार वेळा दुर्लक्षित गळती आहे. डाग दिसला नाही तर उरलेला गॅस रिकव्हरी मशिनने काढून घ्या, हवेत सोडू नका. मग रेग्युलेटर लावून सुमारे 150 पीएसआय नायट्रोजन भरा आणि साबणाचा फेस लावा. ऑक्सिजन कधीच वापरू नका, ऑइलशी त्याचा स्फोट होतो. टायरची हवाही नको, तिच्यात पाणी असतं. केबिनमधल्या कुलिंग कॉइलची गळती डॅशबोर्ड न खोलता ओळखायची तर पाणी गळणाऱ्या नळीच्या तोंडाशी फेस धरा.

सिस्टीम उघडली की सुटलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग बदला. 134ए ला चालणारी, बहुधा हिरवी असते. ऑइलचं बोट लावून बसवा. ड्रायर (आतला ओलावा शोषणारा डबा) नवाच घाला, पण सगळ्यात शेवटी, त्याची टोपणं काढल्यावर लगेच. ऑइल कॉम्प्रेसरवर लिहिलेल्या ग्रेडचंच हवं, बहुतेक वेळा पॅग नावाचं. कंडेन्सर बदलला तर सुमारे 30 मिली ऑइल वाढवा, कुलिंग कॉइलला 40 ते 50, ड्रायरला 10 ते 15. जुन्या ऑइलमध्ये काळा चुरा किंवा चमकणारी कीस दिसली तर कॉम्प्रेसर आतून तुटतोय. तेव्हा कॉम्प्रेसरबरोबर कंडेन्सरही बदला, कारण बारीक नळ्यांचा कंडेन्सर धुऊन पूर्ण साफ होत नाही आणि तोच चुरा नव्या कॉम्प्रेसरमध्ये जातो.

व्हॅक्यूम पंप कमीत कमी 30 मिनिटं चालवा, पावसाळ्यात 45. मुंबईत व्हॅक्यूमचा काटा 29 इंचांच्या (पाऱ्याच्या) पुढे जातो, पुण्यात 28 च्या आसपासच थांबतो. पुणे उंचावर आहे, म्हणून; पंपाचा दोष नाही. पंप बंद करून अर्धा तास थांबा. काटा सरकला तर गॅस भरू नका, पुन्हा जोड तपासा.

गॅस वजनावर भरा. ग्रॅम किती ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. इंजिन चालू असताना गॅसचा डबा सरळ उभा धरून लो साइडनेच भरा आणि हाय साइडचा कॉक पूर्ण बंद ठेवा. तो उघडला तर कॉम्प्रेसरचं प्रेशर डब्यात शिरून डबा फुटू शकतो. चष्मा आणि हातमोजे घालाच. हा गॅस उणे 26 अंशांना उकळतो, डोळ्यात उडाला तर बुबुळ गोठतं. ‘स्वस्तातला गॅस’ म्हणून एलपीजीसारखं मिश्रण कोणी देत असेल तर घेऊ नका. केबिनमधली कॉइल फुटली तर ते पेट घेतं.

शेवटी काचा बंद, आतली हवा फिरवण्याचं बटण चालू, ब्लोअर मधल्या स्पीडवर ठेवून मधल्या जाळीत थर्मामीटर घाला. बाहेर 35 असताना दहा मिनिटांत 8 ते 12 अंश आले की गेज काढा, दोन्ही व्हॉल्व्हना फेस लावून बघा आणि टोपणं घट्ट बसवा.