घुमटाभोवती जमलेला मुक्तस्रोत गट

मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो असे, सॉफ्टवेअर वापरून संगीताचे काम करणारा गट आपल्या गावात उभा करावा, असे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. गोव्यातील फोंड्याजवळच्या आमच्या गावात माझे पहिले तीन महिने वाया गेले, कारण मी शिकवणी उघडली होती. दर रविवारी शाळेच्या वर्गात पडद्यावर आर्डर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर उघडून मी एकेक मेनू समजावत असे आणि दर रविवारी एक-दोन माणसे कमी होत. चतुर्थी दोन महिन्यांवर आली तेव्हा वाड्यावरच्या आरती मंडळातील एका गृहस्थांनी विचारले, की आमच्या घुमट आरत्या नीट रेकॉर्ड करून मिळतील का. आणि पुढच्या रविवारी त्याच वर्गात बसायला बाके अपुरी पडली.

घुमट म्हणजे मातीचे भांडे. त्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले असते आणि लहान तोंड मोकळे असते, जे डाव्या हाताने झाकत-उघडत वादक नाद बदलतो. कातडे पूर्वी घोरपडीचे असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते वर्ज्य झाले आणि आता बकरीचे वापरतात. मी मायक कातड्यासमोर ठेवला, तर नुसती थाप ऐकू येऊ लागली आणि तीही फाटलेली. चाळीस वर्षे घुमट वाजवणाऱ्या वादकाने मायक उचलून मोकळ्या तोंडाच्या बाजूला थोडा तिरका धरला आणि घुमटाची खरी घुम तिथून सुटते असे सांगितले. मग आम्ही दोन मायक लावले आणि पातळी इतकी खाली ठेवली की सर्वांत जोराची थापही शून्य डेसिबलच्या, म्हणजे ज्याच्या वर आवाज फाटतो त्या मर्यादेच्या, बऱ्यापैकी खाली राहील. त्या दिवसापासून ते वादक प्रत्येक बैठकीला येऊ लागले. संगणकाला त्यांनी अजून हात लावलेला नाही, तरी गटातले सर्वांत जाणकार ध्वनिमुद्रक तेच आहेत, असे मी मानतो.

नवागतांना सर्वांत जास्त छळते ती लेटन्सी, म्हणजे वाजवलेला आवाज संगणकातून परत कानावर यायला होणारा उशीर. आधी मुद्रित केलेल्या घुमटावर शामेळ हे काठीने वाजवायचे चर्मवाद्य वाजवणारा हेडफोन लावून साथ करू लागला, तेव्हा आपलीच काठी उशिरा ऐकू येते म्हणून तो चिडला. बफर म्हणजे संगणक एका वेळी उचलतो तो आवाजाचा तुकडा. ४८,००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने (फ्रेम्स) घेताना, १,०२४ फ्रेम्सचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, आणि आतबाहेरचा प्रवास धरला तर त्याहून अधिक. बफर १२८ वर आणल्यावर हा वेळ २.७ मिलिसेकंदांवर आला, पण आवाजात तडतड सुरू झाली. लिनक्स या मुक्तस्रोत संगणक-प्रणालीवर वापरकर्त्याला 'ऑडिओ' नावाच्या वापरकर्ता-गटात घालून रिअल-टाइम प्राधान्य, म्हणजे आवाजाचे काम इतर कामांआधी करण्याची मुभा, दिल्यावर ती थांबली. ही माहिती आम्हाला एका अनोळखी माणसाने फुकट दिली होती, म्हणून आम्हीही ती आमच्या वहीत मराठीत लिहून ठेवली. गटाची ती पहिली देणगी ठरली.

चर्चच्या गायनवृंदात व्हायोलिन वाजवणारे एक शेजारीही आले. पोर्तुगीज काळापासून इथल्या चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले गेल्यामुळे मांडो या कोंकणी गीतप्रकाराची स्वरलिपी म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवणे त्यांना जड गेले नाही. भजनी मंडळी कानावर चालणारी, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकमेकांची पद्धत आधी चमत्कारिकच वाटली.

एक फजिती सांगितलीच पाहिजे. मुद्रण अर्धवट असताना आमच्यातील एकाने आर्डरची नवी आवृत्ती चढवून सत्र, म्हणजे आमच्या मुद्रणाची कामाची फाइल, उघडले आणि जुनी आवृत्ती असलेल्या इतरांना ते उघडेना. चूक आमची होती. काम संपेपर्यंत सर्वांनी एकच आवृत्ती ठेवायची आणि प्रत्येक ट्रॅक वेव्ह फाइल म्हणून वेगळा साठवायचा, असे तेव्हापासून ठरले. पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेल्या आर्डरचा स्रोत मुक्त आहे, पण प्रकल्पाकडून तयार प्रोग्राम घेताना पैसे मागितले जातात. हे आधीच सांगावे, म्हणजे 'फुकट म्हणाला होतास ना' हे ऐकावे लागत नाही.

शेवटी परवान्याचा प्रश्न आला. भारतीय कायद्यात कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो, म्हणून आम्ही प्रत्येकाची लेखी संमती घेतली आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय देणे बंधनकारक करणारा परवाना सुचवला. त्याचा अर्थ सांगताच मंडळातील सर्वांत ज्येष्ठ आजोबांनी विचारले, ''आमचीं नांवां खंय आसतलीं?'' फाइलसोबतची यादी मी वाचून दाखवली. गायक, वादक, वाडा, वर्ष, सगळे त्यात होते. ती ऐकून ते म्हणाले, ''आनी घुमट जाणें घडयलें, ताचें नांव खंय?'' आम्ही कुंभाराकडे गेलो, नाव विचारून घेतले आणि यादीत घातले.