कॉम्प्युटरचा वॉटर-कूलिंग पंप फिरत नाही? आधी करंट, मग पंखा, शेवटी हवा

आमच्या काळाचौकीच्या सोसायटीत पाणी पहाटे साडेचारला येतं आणि पंप लावायचं काम कित्येक वर्षं अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आहे. पंप गप्प बसला की ते तीनच गोष्टी बघतात, तेही ठरलेल्या क्रमाने. करंट येतोय का, पंपाच्या आतला, पाणी ढकलणारा पंखा मोकळा आहे का, आणि पंपाने हवा धरलीय का. माझ्या एडिटिंगच्या मशीनमधला पंप पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी नेमकं उलटं केलं. आधी लूप, म्हणजे पाणी फिरतं ती सगळी बंद साखळी, रिकामा केला, लिटरभर कूलंट (आत फिरणारं पाणी) वाया घालवलं, ट्यूब काढल्या. अर्धा दिवस गेला आणि दोष निघाला एका कनेक्टरमध्ये. अण्णा दारातून बघत होते. "अगं, करंट तरी बघितलास का?" एवढंच म्हणाले.

म्हणून पाण्याला हात लावायचा तो अगदी शेवटी.

पंप खरंच बंद आहे की नुसता तसा दिसतोय, हे आधी ठरवा. मशीन सुरू करून पंपाच्या अंगावर दोन बोटं टेकवा. चालू पंप बारीक थरथरतो. पाणी फिरत नसेल तर प्रोसेसरवर बसवलेला, पाणी जाणारा ब्लॉक तापत जातो आणि पाणी थंड करणारी जाळी, म्हणजे रेडिएटर, मात्र थंडगार राहतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, तापमान डोळ्यांदेखत चढताना दिसलं तर लगेच बंद करा. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास स्वतःचा वेग उतरवतो, मग मशीन बंद पाडतो, त्यामुळे सहसा जळत नाही. पण म्हणून त्याची परीक्षा घेत बसू नका.

एक फसवी गोष्ट. स्क्रीनवर "सीपीयू फॅन एरर" आलं म्हणजे पंप मेला असं नाही. मदरबोर्ड फक्त सीपीयू फॅनच्या हेडरवर, म्हणजे पंख्याची वायर लावायच्या पिनांवर, फेऱ्यांचा सिग्नल येतोय का ते बघतो. पंपाची बारीक वायर दुसऱ्या हेडरवर लावली असेल तर पंप छान फिरत असतो आणि बोर्ड बोंब मारत असतो.

आता करंट. डी-५ जातीच्या मोठ्या पंपाला दोन वायरी असतात. जाड वायर मोलेक्स किंवा साटा कनेक्टरने थेट पॉवर सप्लायला जाते, कारण हा पंप वीसेक वॅट ओढू शकतो आणि फॅन हेडर साधारण एक अँपिअरचा, म्हणजे १२ वॅटचा. बारीक वायर मदरबोर्डला, वेग सांगण्या-ऐकण्यापुरती. ही बारीक वायर काढून नुसत्या जाड वायरवर मशीन लावून बघा. बहुतेक पंप सिग्नल नसला तरी आपल्या ठरलेल्या वेगाने सुरू होतात. असा सुरू झाला तर दोष बायोसच्या सेटिंगचा. तिथे पंपाच्या हेडरला "सायलेंट" वगैरे न ठेवता पूर्ण वेग द्या. तयार मिळणाऱ्या बंद कूलरमध्ये, ज्याला आपण एआयओ म्हणतो, पंप थेट हेडरवरच चालत असेल तर हे फारच महत्त्वाचं. हेडर व्होल्टेज कमी करून वेग उतरवत असेल तर पंपाला सुरुवातीचा झटकाच मिळत नाही.

तरीही गप्प? मग कनेक्टर डोळ्यांजवळ आणा. मोलेक्सच्या चार पिनांत पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ ची आणि मधल्या दोन काळ्या. पंपाला हवी ती पिवळी आणि तिच्याशेजारची काळी. माझ्याकडे हीच पिवळी पिन जोडताना प्लॅस्टिकच्या भोकातून मागे सरकली होती. बाहेरून कनेक्टर गच्च बसलेला, आतून समोरच्या पिनला टेकलेलाच नाही. टॉर्च मारून सरळ आत बघितल्यावर चारपैकी एक पितळी टोक खोल गेलेलं दिसलं. मागून वायर धरून हलकेच पुढे ढकललं, "टक्" झालं आणि काम झालं. मुंबईच्या दमट हवेत ही टोकं काळपट, हिरवटही पडतात. एक-दोनदा काढून-घालून घासली की संपर्क सुधारतो.

मल्टिमीटर असेल तर पिवळी-काळीवर मोजा. ११.४ ते १२.६ च्या मध्ये आकडा हवा. नसेल तर दुसऱ्या मोलेक्सवर लावून बघा. पण दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायची मॉड्युलर, म्हणजे सप्लायच्या बाजूनेही निघणारी, केबल उचलून लावू नका. कनेक्टर दिसायला सारखे, बसतातही. सप्लायच्या बाजूच्या पिनांचा क्रम मात्र वेगळा असू शकतो, आणि मग पंपासकट बाकीचंही जातं.

बाकी मशीन न पेटवता एकटा पंप चालवायचा तर सप्लायचं बटण बंद करा, भिंतीतली पिन काढा, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाकडे जाणाऱ्या सगळ्या केबल सोडवा. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि कुठलीही एक काळी, यांच्या भोकांत सरळ केलेली पेपर क्लिप घाला. मग बटण लावा. वायरी सगळ्या काळ्या असतील तर अंदाजाने घालू नका, वीसेक मिनिटं मिळतील तेव्हा सप्लायच्या माहितीपत्रकातून पिन नंबर १६ शोधा, तीच ती. लूपमध्ये पाणी नसेल तर मात्र हे करूच नका. पाणी हेच पंपाच्या बेअरिंगचं वंगण आहे, कोरडा पंप काही क्षणांतसुद्धा खराब होऊ शकतो.

करंट आहे आणि पंप नुसता गुणगुणतोय किंवा थंड पडलाय, तर पंखा अडकलाय. हे मला दुसऱ्या वेळी भेटलं. गणपतीला आम्ही गावी जातो; मशीन पंधरा दिवस बंद. परत आल्यावर पंप सुरूच होईना. मऊ ट्यूबमधून सुटणारा पांढरट चिकट थर आणि रंगीत कूलंटचा गाळ, दोन्ही पंख्याखाली बसून वाळले होते. या वेळी मात्र लूप रिकामा करावाच लागला. डी-५ ची रिंग उघडली की पंखा वर येतो. त्याला दांडा नाही, तो चुंबकाने धरलेला असतो. बोटांनी सरळ वर ओढा, खाली चणे-फुटाण्यांपेक्षाही लहान सिरॅमिकची गोळी दिसेल. तीच बेअरिंग. ओरखडू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवलेल्या इअरबडने खड्डा आणि पंख्याची आतली वाटी पुसा, पंखा ठेवून बोटाने फिरवून बघा. सहज डुलायला हवा. रबराची रिंग खाचेत नीट बसलीय का हे दोनदा बघा, कारण गळतं ते इथूनच.

एआयओ असा उघडू नका. वॉरंटी जाते आणि परत नीट भरणंही घरी जमत नाही. दुकानदाराकडे द्या. रविवारी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊ नका, बहुतेक शटरं खाली असतात.

पंप फिरतोय पण पाणी हलत नाही, किंवा गुरगुर आवाज येतोय, तर हवा धरलीय. टाकी पंपापेक्षा वर हवी आणि पाण्याने भरलेली हवी. पंप पाच-दहा सेकंद चालवा, बंद करा, कॅबिनेट पुढे-मागे कलवा, टाकीत पाणी घाला, पुन्हा लावा. अशा आठ-दहा फेऱ्यांत बुडबुडे वर येतात. एआयओत रेडिएटर पंपापेक्षा वर असू द्या, म्हणजे आतली हवा पंपात जमत नाही. भरायला बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर घेतलं तरी चालतं. नळाचं नको, क्षार साचतात.

शेवटी प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर. बाकी सगळं बंद, फक्त पंप पेपर क्लिपवर. मी रात्री अकराला लावला आणि जागीच राहिले, रेंडर तसंही पडून होतं. साडेचारला अण्णा सोसायटीचा पंप लावायला उठले, जाता जाता वाकले आणि टिश्यूचा कोपरा चिमटीत धरून बघितला.

"कोरडा आहे," म्हणाले, आणि चपला घातल्या.