घरच्या घरी कंपोस्ट: डब्याच्या आधी सुका पाला गोळा करा

कंपोस्ट करायचं ठरलं की बहुतेक जण आधी डबा आणतात. माझं सांगणं आहे, आधी वाळलेली पानं जमवा. गोणीभर सुका पालापाचोळा हाताशी असला की पुढचं काम सोपं होतं. तो नसला, तर डबा कितीही चांगला असू दे, आत चिखलच होतो. माझा पहिला डबा असाच गेला. महिनाभर मी त्यात नुसत्या साली आणि देठ टाकत होते. एक दिवस झाकण काढलं तर तळाशी काळं पाणी साचलेलं, वर अळ्या, आणि वास असा की उभं राहवेना. शेवटी सगळं ताडपत्रीवर पसरलं, त्यात चुरलेली पानं भरपूर मिसळली आणि पुन्हा भरलं. काही दिवसांत वास उतरला, आणि त्याच डब्यातून पुढे चांगलं खत निघालं.

तेव्हापासून मी कुजणं आणि सडणं यांत फरक करते. हवा मिळाली की कचरा कुजतो आणि त्याला मातीचा वास येतो. हवा कोंडली की तो सडतो. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र जास्त असतं, वाळलेल्या पानांत कार्बन. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कार्बनचे साधारण 25 ते 30 भाग लागतात. भाज्या-फळांच्या कचऱ्यात कार्बन त्यापेक्षा कमी असतो, सुक्या पानांत बराच जास्त. म्हणून दोन्ही एकत्र हवेत. शिवाय पानांमुळे थरांत पोकळी राहते आणि हवा खेळते. मोजायला तराजू नको: एक भांडं ओला कचरा टाकला की त्यावर दोन भांडी चुरलेली पानं. पानं मिळत नसतील तर फाडलेला साधा पुठ्ठा किंवा रंग-रसायन न लावलेल्या लाकडाचा भुसा चालतो. भुसा मात्र बेताने घाला, त्यात कार्बन फारच जास्त असतो.

डबा तयार करणं

झाकणाची 20 ते 30 लिटरची बादली पुरते. तळाला आणि चारही बाजूंना बोटाएवढी नाही, पेन्सिलीएवढी भोकं पाडा. बादली दोन विटांवर ठेवा आणि खाली ताटली सरकवा. अशा दोन बादल्या असाव्यात: एक भरत असताना दुसरी मुरत राहते. अंगणात जागा असेल तर सरळ ढीग करा. लांबी, रुंदी, उंची एकेक मीटर असली की ढीग स्वतःची ऊब धरतो आणि आतलं तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढू शकतं. त्या उष्णतेत तणांचं बी आणि बरेच रोगजंतू मरतात. बादलीत एवढी ऊब टिकत नाही, त्यामुळे रोगट रोपं आणि बी धरलेलं तण तिच्यात टाकू नका.

भरणं

तळाशी काड्या आणि जाड पानांचा चार बोटं थर द्या. त्यावर ओंजळभर बागेची माती किंवा जुनं कंपोस्ट पसरा. हे विरजणच समजा, जिवाणू त्यातूनही येतात. मग रोजचा कचरा बारीक चिरून टाका. अख्खं केळ्याचं साल आणि बोटभर तुकडे केलेलं साल शेजारी ठेवून बघा, तुकडे कितीतरी आधी काळे पडून विरतात. प्रत्येक वेळी वर पानं टाका, इतकी की ओला कचरा कुठेही दिसता कामा नये. चिलटांवर याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

साली, देठ, चहा-कॉफीचा चोथा, सुकलेली फुलं, कापलेलं गवत हे सगळं चालतं. आंबट फळांच्या साली थोड्या टाकायला हरकत नाही. अंड्यांची टरफलं चुरून टाका, तरी त्यांचे कण शेवटपर्यंत दिसतात. मांस, मासे, दूध-दही, तेलकट अन्न, कुत्र्या-मांजरांची विष्ठा आणि चकचकीत कागद मात्र नको.

मुठीची परीक्षा

आठवड्यातून एकदा सगळं तळापासून वरखाली करा. त्याच वेळी मधलं मिश्रण मुठीत घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकला, तर ओल बरोबर आहे. पाणी ओघळलं तर पानं वाढवा. मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा. डब्यात मुंग्या झाल्या तर तेही बहुधा कोरडेपणाचंच लक्षण.

नाकही बरंच सांगतं. डोळ्यांत जाणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झालं, पानं हवीत. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कोंडली आहे: उलथापालथ करा आणि सुकं मिसळा. पांढरी तंतुमय बुरशी दिसली तर घाबरू नका, ती आपलंच काम करते आहे. जाडसर करड्या अळ्याही झाडांना अपाय करत नाहीत.

तयार झालं कसं ओळखायचं

बादली भरली की नवा कचरा टाकणं थांबवा आणि वरखाली करत राहा. उबदार हवेत दोन-तीन महिने लागतात, थंडीत त्याहून बरेच जास्त. खत काळपट आणि भुसभुशीत होतं, मूळ वस्तू ओळखू येत नाहीत. खात्री करायची तर ओलसर मूठभर खत पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून मुरू द्या. घाई करू नका, कच्चं खत मुळांजवळ कुजत राहिलं तर कोवळी रोपं पिवळी पडतात.

कुंडीसाठी तीन भाग मातीला एक भाग कंपोस्ट घ्या. वाफ्यात दोन-तीन सेंटिमीटरचा थर पसरा, फक्त खोडाला टेकवू नका. वापरण्याआधी खत चाळा, आणि चाळणीवर राहिलेल्या काड्या-गाठी पुढच्या बादलीच्या तळाशी घाला.