प्रोबेटच्या अर्जाआधी: काय जमवावं आणि वेळ कुठे जातो

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, मिळायला किती दिवस लागतात, याबद्दल कायद्यात एकच आकडा सापडतो आणि तो कमीत कमी मुदतीचा आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ म्हणतो की मृत्यूनंतर पुरे ७ दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट देऊ नये. मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) नेमलेला नसल्यामुळे प्रशासनपत्र, म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहण्याचं कोर्टाचं अधिकारपत्र, मागायचं असेल तर १४ दिवस. जास्तीत जास्त किती, हे कुठेच लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात सगळे वारस राजी असतील आणि कागद पुरे असतील तर सहा महिने ते वर्ष धरून चालावं. कुणी हरकत घेतली की त्याच अर्जाचा दावा होतो आणि हिशेब वर्षांवर जातो. राजीखुशीच्या अर्जातला बराचसा वेळ अर्ज दाखल होण्याआधी आणि कोर्टाच्या कार्यालयाने काढलेल्या त्रुटी दूर करताना जातो. तो वाचवणं तुमच्या हातात आहे.

सगळ्यात आधी, प्रोबेट खरंच लागणार आहे का ते ठरवा. मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावर मालमत्तेबद्दलच्या हिंदूंच्या मृत्युपत्राला याच अधिनियमाच्या कलम २१३ मुळे प्रोबेट घ्यावंच लागे. २०२५ च्या निरसन व सुधारणा कायद्याने ते कलम वगळलं. सक्ती गेली, तरी प्रोबेटचा उपयोग उरलाच आहे: मृत्युपत्र खरं आहे यावर कोर्टाचा शिक्का हवा असेल तर दुसरा तितका भक्कम कागद नाही. म्हणून बँक, गृहनिर्माण संस्था आणि शेअर हस्तांतर पाहणारी कंपनी, तिघांनाही विचारा की कोणत्या कागदांवर नाव बदलाल, आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी उत्तर माणूस बदलला की बदलतं. वारसांत धुसफूस दिसत असेल तर कुणी मागण्याची वाट न पाहता प्रोबेट घ्यावं, असंच आम्ही सांगू.

मग कोर्ट निवडा. मयताचं कायमचं राहतं घर किंवा काही मालमत्ता ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो; मुंबईसाठी उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतला टेस्टामेंटरी (मृत्युपत्रांचा) विभाग आहे. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येते. जिल्हा न्यायालयाने दिलेलं प्रोबेट साधारणपणे त्या राज्यापुरतं चालतं. मयताचा बेळगावात प्लॉट किंवा गोव्यात घर असेल, तर सगळ्या देशात चालणारं प्रोबेट उच्च न्यायालयाकडून घ्यावं आणि तशी मागणी अर्जातच करावी. त्यासाठी अन्य कोणत्याही कोर्टात असा अर्ज केलेला नाही, हे विधानही अर्जात लागतं. हे राहिलं तर एका राज्यातलं काम होऊन दुसऱ्या राज्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

मूळ मृत्युपत्र हातात आलं की त्याला काहीही करू नका. टाचण्या काढू नका, भोकं पाडू नका, लॅमिनेट करू नका, कोपऱ्यात पेन्सिलनेही काही लिहू नका. टाचणीची जुनी भोकं आणि नवी टाचणी जुळली नाही की पान बदललं का, असा प्रश्न उठतो आणि त्याचा खुलासा शपथेवर द्यावा लागतो. सगळ्या पानांची दोन्ही बाजूंनी स्पष्ट प्रत काढा आणि पुढचं काम त्या प्रतीवरच करा. खाडाखोड किंवा ओळींमध्ये घातलेला मजकूर असेल तर त्याच्या शेजारी मृत्युपत्र करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही आहे का, ते पाहा. तशी सही नसेल तर तो बदल सहसा धरला जात नाही. नंतर पुरवणी मृत्युपत्र केलेलं असेल तर तेही त्याच अर्जात जोडावं लागतं, कारण मागाहून निघालेली पुरवणी अर्ज दुरुस्त करायला लावते. मृत्युपत्र मराठीत असेल आणि अर्ज उच्च न्यायालयात असेल तर अधिकृत इंग्रजी भाषांतर लागतं. ते काम पहिल्याच आठवड्यात द्या. मूळ सापडतच नसेल तर प्रतीवरूनही अर्ज करता येतो, पण मूळ कुठे गेलं आणि ते मयतानेच फाडलं नाही कशावरून, हे सिद्ध करावं लागतं.

आता साक्षीदार. या सगळ्या यादीतलं एकच काम आज करायचं असेल तर हे करा. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात आणि कोर्टात ते सिद्ध करायला त्यांतला किमान एक हयात व उपलब्ध असेल तर त्यालाच पुढे आणावं लागतं. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही हा नियम कायम आहे. मृत्युपत्र नोंदणीकृत असलं तरी यातून सुटका नाही. साक्षीदार बहुतेक मयताच्याच वयाचे असतात: शेजारी, ऑफिसातले जुने सहकारी, फॅमिली डॉक्टर. ते गाव बदलतात, आजारी पडतात, विसरतात. म्हणून मालमत्तेची यादी पूर्ण व्हायची वाट न बघता साक्षीदाराचं शपथपत्र आधी तयार करा.

त्या शपथपत्रातला मजकूर फार नेमका लागतो. ‘मी सही ओळखतो’ एवढ्यावर भागत नाही. मृत्युपत्र करणाऱ्याने साक्षीदाराच्या समोर सही केली किंवा ही सही माझीच आहे असं त्याला सांगितलं. त्या वेळी मृत्युपत्र करणारा शुद्धीत व सारासार विचार करण्याच्या अवस्थेत होता. आणि साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर सही केली, ही तीन विधानं त्यात वेगवेगळी आणि स्पष्ट हवीत. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं कायदा म्हणत नाही, तेव्हा जसं घडलं तसंच लिहावं. दोन्ही साक्षीदार वारले असतील तर त्यांचे मृत्यू दाखले मिळवा आणि एका साक्षीदाराचं अक्षर व मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणारी माणसं शोधा. जुने चेक, पत्रं, पासपोर्ट यांवरच्या सह्या तेव्हा कामी येतात.

यानंतर वारसांची यादी. मृत्युपत्रात ज्यांना काही दिलं आहे त्यांची यादी ही नव्हे. मृत्युपत्र नसतं तर कायद्याने ज्यांना वाटा मिळाला असता त्या सगळ्यांची नावं, वयं, नाती आणि पत्ते इथे लागतात. हिंदू पुरुषाच्या बाबतीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात आई तर येतातच. आधी वारलेल्या मुलाची पत्नी व मुलं, आधी वारलेल्या मुलीची मुलंही येतात. आईचं नाव राहून जाणं ही नेहमीची चूक, आणि ‘तिला काही नको’ म्हणून लग्न झालेल्या मुलीला वगळणं ही त्याहून महागात पडणारी. निपुत्रिक विधवेच्या मृत्युपत्रात तर कुटुंबं चक्रावून जातात, कारण हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याचे वारस येतात. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे दिरांची आणि पुतण्यांची नावं शोधत बसावं लागतं. शोधावीच, कारण एखादा वारस लपवून किंवा विसरून घेतलेलं प्रोबेट पुढे रद्द होऊ शकतं.

प्रत्येक वारसाकडे आपण होऊन जा आणि संमतीचं शपथपत्र घ्या. संमती दिलेल्या वारसाला कोर्टाची सूचना, म्हणजे सायटेशन, बजावावी लागत नाही आणि इथेच दोन-चार महिने वाचतात. परदेशात असलेल्याने तिथल्या भारतीय वकिलातीत शपथपत्र करावं किंवा तिथल्या नोटरीसमोर करून त्यावर अपोस्टील (तिथल्या सरकारचं प्रमाणीकरण) घ्यावं. साध्या ईमेलला जोडलेली सही चालत नाही. वारस अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने पालक म्हणून कोण उभं राहणार ते आधी ठरवा. तो पालक स्वतः मृत्युपत्राचा मोठा लाभार्थी असेल तर कोर्ट दुसरा माणूस मागू शकतं.

नावांचा ताळा करायला एक संध्याकाळ राखून ठेवा. मृत्यू दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शेअर सर्टिफिकेटवर तिसरं, सातबाऱ्यावर घरगुती नाव. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव, सासरी बदललेलं नाव आणि आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं. ही सगळी नावं ‘उर्फ’ लावून अर्जाच्या शीर्षकातच घाला. प्रोबेटवर जे नाव येतं तेच बँक वाचते. नंतर दुरुस्ती मागायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख.

मालमत्तेच्या यादीला एवढं मोल नसलं तरी कोर्ट फी तिच्यावरच ठरते. एका परिशिष्टात मालमत्ता, दुसऱ्यात कर्जं आणि अंत्यसंस्काराचा खर्च, आणि मयताकडे विश्वस्त म्हणून असलेलं काही असेल तर ते वेगळं. खात्यांचे क्रमांक, फोलिओ, डीमॅट, लॉकर, फ्लॅटचं क्षेत्रफळ आणि मूल्यांकन लिहा. फीला महाराष्ट्राच्या कायद्यात कमाल मर्यादा आहे. आजचा दर कोर्टाच्या कार्यालयात विचारून रक्कम आधीच बाजूला काढा, कारण फी भरेपर्यंत प्रोबेट हातात पडत नाही. मालमत्ता मयताचीच होती का, हा वाद मात्र इथे सुटत नाही. प्रोबेटचं कोर्ट फक्त हे शेवटचं मृत्युपत्र आहे का आणि ते नीट केलेलं आहे का, एवढंच बघतं.

मृत्यूला ३ वर्षं होऊन गेली असतील तर उशीर का झाला, ते अर्जात तारखांसह लिहा. ‘माहीत नव्हतं’ हे कारण क्वचितच पुरतं. मृत्युपत्र कधी सापडलं, कोणी कधी हरकत घेतली, प्रोबेट पहिल्यांदा कोणी मागितलं आणि कधी, हे कागदाने दाखवता आलं पाहिजे. एकापेक्षा जास्त एक्झिक्युटर असतील आणि एखाद्याला जबाबदारी नको असेल तर त्याचा लेखी नकारही सोबत लावा.

अर्ज दाखल झाला की कार्यालय तो तपासतं आणि त्रुटींची यादी काढतं: पान क्रमांक नाहीत, सत्यापनावर (मजकूर खरा असल्याच्या विधानावर) तारीख नाही, साक्षीदाराचं वय राहिलं, परिशिष्टाची बेरीज चुकली. किरकोळ वाटतात, पण मुदतीत दूर केल्या नाहीत तर अर्ज नोंदीवरून निघू शकतो आणि तो परत चढवायला आणखी महिने जातात. वकिलांना दर पंधरवड्याला विचारा की त्रुटी निघाल्या का. हे विचारण्यात संकोच नको. त्यानंतर सायटेशन निघतं, ते कोर्टात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लावलं जातं. संमती न दिलेल्या वारसांना ते प्रत्यक्ष बजावावं लागतं. पत्ता जुना असला की पाकीट परत येतं, नव्याने बजावणी, मग वर्तमानपत्रात प्रसिद्धी. उशिराचं हे सर्वांत साधं आणि सर्वांत टाळता येण्यासारखं कारण.

सायटेशन मिळालेल्याला हरकत असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार १४ दिवसांत कॅव्हेट (हरकतीची नोंद) आणि पुढच्या ८ दिवसांत त्यामागची कारणं सांगणारं शपथपत्र द्यावं लागतं. तसं झालं की अर्जाला दाव्याचं रूप येतं, मुद्दे निघतात, साक्षीपुरावा होतो. अशी शक्यता दिसत असेल तर मृत्युपत्र केलं त्या सुमाराची डॉक्टरांची कागदपत्रं, रुग्णालयाच्या नोंदी आणि मसुदा कोणी केला याची माहिती आताच जमवा. ज्याला सर्वाधिक मिळालं त्यानेच मृत्युपत्र लिहून घेतलं असेल तर संशय दूर करण्याचं ओझं त्याच्यावरच येतं. दावा लांबणार आणि भाडं, शेअर, पिकं वाऱ्यावर पडणार असं दिसलं तर निकाल लागेपर्यंत प्रशासक नेमा, असा अर्ज करता येतो.

प्रोबेट हातात आलं की तिथेच उभं राहून नाव, उर्फ, मृत्यूची तारीख आणि परिशिष्ट वाचून काढा. मूळ मृत्युपत्र कोर्टातच राहतं, म्हणून प्रमाणित प्रती जितक्या संस्था तितक्या आणि वर दोन अशा मागवा. एक्झिक्युटरला ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यायचा असतो. त्या दोन्ही तारखा प्रोबेट मिळाल्याच्या दिवशीच वहीत लिहून ठेवा.