लिलावाच्या तारखेआधी: चॅप्टर 13 ची तयारी

अमेरिकेत घराचे हप्ते थकले असतील तर आधी न उघडलेली सगळी पाकिटं फोडा आणि लिलावाची तारीख शोधा. न्यू जर्सीत फोरक्लोजर (हप्ते थकल्यावर घर विकून कर्ज वसूल करणं) कोर्टातून जातं, त्यामुळे सहसा बरेच महिने हाताशी असतात. टेक्सासात लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतो आणि त्याची नोटीस जेमतेम 21 दिवस आधी येऊ शकते. बँकरप्सीचा (दिवाळखोरीचा) अर्ज दाखल झाला की सहसा वसुली तिथेच थांबते, लिलावही थांबतो. मात्र अर्ज लिलावाआधीच जायला हवा. या काळात कुणी आगाऊ पैसे मागून किंवा घराची डीड (मालकीचा दस्त) स्वतःच्या नावावर करून घेऊन घर वाचवून देतो म्हणालं, तर त्याला दारातही उभं करू नका.

घर राखायचं असेल तर बहुतेकांसाठी मार्ग चॅप्टर 13 चा, म्हणजे दिवाळखोरी कायद्यातल्या हप्त्यांनी देणी फेडायच्या प्रकाराचा. त्याच कायद्यातल्या चॅप्टर 7 मध्ये क्रेडिट कार्डांची देणी सुटतात, पण घराची थकबाकी फेडायला मुदत मिळत नाही. चॅप्टर 13 मध्ये ती तीन ते पाच वर्षांत विभागता येते. समजा 18,000 डॉलर थकलेत. 60 महिन्यांत फेडायचे तर महिना 300, वर ट्रस्टीचं (योजनेचे पैसे गोळा करून वाटणाऱ्याचं) कमिशन, आणि चालू हप्ता वेगळा. किराणा, गाडी, डेकेअर, विमा, भारतात पाठवायचे पैसे, सगळं खरं खरं लिहून हे बसतं का ते वकिलाकडे जाण्याआधी पाहा. ओढूनताणून बसवलेली फेडीची योजना मोडते. केस कोर्टाने रद्द केल्यावर वर्षाच्या आत पुन्हा अर्ज केलात, तर वसुलीपासूनचं संरक्षण 30 दिवसांपुरतंच मिळतं. पुढे ते कोर्टाकडून वाढवून घ्यावं लागतं.

कागदपत्रं फारशी अवघड नाहीत: 60 दिवसांचे पे-स्टब (पगाराच्या पावत्या), बँक स्टेटमेंट, मॉर्गेजची पत्रं. मागच्या चार वर्षांतलं एखादं टॅक्स रिटर्न राहिलं असेल तर ते आताच भरा. मान्यताप्राप्त संस्थेकडून क्रेडिट काउन्सेलिंगचं प्रमाणपत्र अर्जाआधीच्या 180 दिवसांत घ्यायचं असतं. फोनवर किंवा ऑनलाइन होतं. कोर्टाची फी 313 डॉलर, हप्त्यांनीही भरता येते. वकिलाची फी वेगळी, पण अनेक वकील तिचा काही भाग योजनेतून घेतात. लिलाव अगदी तोंडावर असेल तर मोजके कागद आधी दाखल करून बाकीचे 14 दिवसांत देता येतात.

आपल्या लोकांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते भारतातल्या मालमत्तेकडे. कायद्याला मालमत्ता जगात कुठेही असली तरी हिशेबात हवी. पुण्यातला फ्लॅट, पीपीएफ, एनआरओ खातं, वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर चढलेलं नाव, सगळं यादीत आलं पाहिजे. ती विकून ज्यांचं देणं आहे त्यांना जेवढं मिळालं असतं, किमान तेवढं योजनेतून द्यावं लागतं, म्हणून किंमत ठरवणारा कागद मागवून ठेवा. आईबरोबरचं जॉइंट खातं असेल आणि पैसे तिचे असतील, तर तेही गाळू नका. तिची पेन्शन जमा होते ती पासबुकाची पानं स्कॅन करून मागवा आणि तुमचं नाव फक्त सोयीसाठी आहे हे अर्जात स्पष्ट लिहा. भावाच्या नावे घाईघाईने हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र मुळीच करू नका; निदान मागच्या दोन वर्षांतले असे व्यवहार तपासले जातात. वर्षभरात नातेवाइकांची उसनवारी फेडली असेल तर तीही सांगा. जाणूनबुजून लपवाछपवी हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमचा वकील तुमच्या बाजूचा आहे. त्याच्यापाशी लाज धरू नका.

अर्जानंतर 30 दिवसांच्या आत योजनेचा पहिला हप्ता ट्रस्टीकडे जायला हवा, कोर्टाची मंजुरी यायची असली तरी. मग ट्रस्टीसमोरची बैठक, हल्ली सहसा झूमवर. फोटो असलेलं ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी नंबरचा पुरावा हाताशी ठेवा. शपथ देऊन विचारतात: कागद वाचून सही केलीत का, सगळी मालमत्ता दाखवलीत का. इंग्रजीत उत्तरं देणं जड जात असेल तर दुभाषा मोफत मिळतो. वकिलाला आधीच सांगून ठेवा.