ईसीएम हलवण्याआधी वायरिंगची तयारी

ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कंप्यूटर. दुसरं इंजिन बसवताना तो हलवायचा तर त्याच्या वायरी तोडून लांबवाव्या लागतात, त्याची ही तयारी. आधी कागद. दुसरं इंजिन बसवायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते, मग पासिंग जळगावचं (एमएच-१९) असो, धुळ्याचं (१८) की नंदुरबारचं (३९). ती हातात आल्यावरच बॉनेट उघडा.

मग ईसीएमची जागा ठरवा. डॅशबोर्डखाली, डाव्या पायाशी बसत असेल तर उत्तम. काचेखाली नको, जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि बंद गाडी त्याहून तापते. जागा पक्की झाली की सुतळीने खऱ्या वळणांतून माप घ्या आणि वीतभर जास्त धरा. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) भोक पाडणार असाल तर कडेला रंग लावा आणि रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेने वायर कापू नये म्हणून बसवायची रबरी कडी) आधी आणून ठेवा. वेल्डिंग बाकी असेल तर ते आत्ताच उरका, पण बॅटरी आणि ईसीएमचे कपलर (वायरींचे प्लग) काढून.

वायर घरगुती फिटिंगची आणू नका. तिचं पीव्हीसी ७० अंशांचं असतं, बॉनेटखाली ते टिकत नाही. गाडीचीच वायर घ्या, इंजिनजवळ १२५ अंशांची. भंगारात त्याच मॉडेलचं हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण रंग आणि पट्टे जुळतात.

आता खरं काम, वायरींची वाटणी. सगळ्या वायरी एकसारख्या लांबवल्या की गाडी रुसते. सप्लाय आणि अर्थ जाड घ्या: ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर दीड मीटर वाढवली आणि तिच्यातून १० अँपिअर गेले तर सुमारे ०.३७ व्होल्ट वाटेतच जातात, १.५ ची घेतली तर निम्मेच. सेन्सरची अर्थ मात्र बॉडीला जोडायची नाही, ती ईसीएमपर्यंत स्वतंत्रच न्यायची.

क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनचा क्रँक कुठे फिरला ते ईसीएमला सांगणाऱ्या सेन्सरवर, सगळ्यात जास्त वेळ द्या. त्याला शिल्ड (वायरीभोवतीचं धातूचं आवरण) असलेलीच वायर हवी आणि शिल्डची अर्थ फक्त ईसीएमच्या टोकाला. दोन्हीकडे दिली तर शिल्डमधूनच करंट फिरतो आणि सिग्नलमध्ये गोंधळ शिरतो. दोन वायरींचा सेन्सर असेल तर त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका, टायमिंग चुकतं. कॅनची (गाडीतले कंप्यूटर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींची) जोडी पिळलेलीच ठेवा, दोन्ही वायरी सारख्या लांबीच्या, जॉइंटजवळ पीळ जेमतेम सुटेल एवढाच. बॅटरी काढून त्या दोघींमध्ये मीटर लावा. कॅनच्या दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर शाबूत असतील तर सुमारे ६० दिसतात. वायरी तोडण्याआधी हा आकडा लिहून ठेवा. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावू नका.

जॉइंट दाबाचेच करा, सोल्डरचे नको. शेतरस्त्याच्या हादऱ्यांनी सोल्डरच्या कडेला ताठ झालेले तांब्याचे तंतू तुटतात. त्यासाठी योग्य मापाचे स्लीव्ह (वायरी जोडायच्या धातूच्या नळ्या), त्या दाबायची चांगली क्रिंपिंग पक्कड आणि आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीटश्रिंक नळी हवी. हीटश्रिंक नळी वायरीत आधी ओवा, मग स्लीव्ह दाबा आणि जॉइंट हाताने ओढून बघा. सगळे जॉइंट एकाच जागी आणू नका, तिथे गाठ फुगते. बोटभर अंतराने मागेपुढे ठेवा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही बाजूंना पिन नंबरची चिठ्ठी लावा आणि एक तोडली, जोडली की मगच दुसरी घ्या.

टेप गुंडाळण्याआधी प्रत्येक पिनची कंटिन्युइटी (वायर कुठे तुटलेली नाही ना) मीटरने तपासा, शेजारच्या पिनशी शॉर्ट नाही हेही बघा. कपलरच्या आधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच टपकेल. इंजिन चालू असताना हार्नेस हलवून बघा. आरपीएम डगमगला नाही तरच डॅशबोर्ड बसवा.